जयवंतीताईंचं न सापडणारं कॉलेज

यादी लांबलचक होती. फ्रान्समधली सगळी इंजिनियरिंग कॉलेजं तिच्यात असावीत असं वाटण्याइतकी लांब. जयवंतीताईंनी ती माझ्यासमोर तीनदा वरून खाली पाहिली, एकदा खालून वर पाहिली, आणि मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मैथिली, तू बघ गं. प्लुव्हेनेक. पी-वरून आहे. मला दिसत नाहीये की नाहीच आहे?"

मी पाहिलं. नव्हतं.

"अरे, कॉलेज खंय गेला?" त्या एकदम मालवणीत बोलल्या. ताई मालवणीत बोलल्या की समजायचं, पारा चढलाय.

ही गोष्ट २०२४च्या फेब्रुवारीतली. ओमानमधल्या सलालाहला, दहारिज भागात, आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी पहिल्या मजल्यावर आणि जयवंती सामंत दुसऱ्या. मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवते. ताई बंदराच्या कामांसाठी सल्ला देणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहेत. बंदरात लाटा थेट शिरू नयेत म्हणून समुद्रात दगडांची लांब भिंत घालतात, तिला ब्रेकवॉटर म्हणतात. ती भिंत किती उंच हवी, तिच्यावर किती वजनाचे काँक्रीटचे ठोकळे टाकायचे, ते कसे एकमेकांत अडकवायचे, हे ठरवणं त्यांचं काम. वीस वर्षं त्या हेच करत आल्या. २०१८ला मेकुनू वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे आठवडाभर घरातलं पाणी काढत होतो, आणि या बाई हेल्मेट घालून भिंतीच्या टोकापर्यंत चालत जाऊन कुठला ठोकळा किती सरकलाय त्याची नोंद करत होत्या. पुढची दुरुस्ती त्यांच्याच नोंदींवर झाली.

त्यांना हे वेड वडिलांकडून आलं असावं. नाबरकाका मालवणला बंदर खात्यात होते, भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवायचे. ताई शाळेतून येऊन त्यांच्यासाठी पट्टीवरचं पाणी वाचायच्या. पुढे त्यांनी रत्नागिरीला फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं. त्याच सुमाराला किनाऱ्याची धूप मोजायला एक फ्रेंच तुकडी कोकणात आली, आणि नोंदी समजावून सांगणारी ही मुलगी त्यांच्यातल्या एका प्राध्यापकाच्या लक्षात राहिली. त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज पाठवून दिला. ताई पुण्यात एक वर्ष फ्रेंच शिकल्या आणि १९९५ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्लुव्हेनेक नावाच्या गावी गेल्या. सागरी बांधकामाचं तिथलं कॉलेज लहान, पण जुनं. बी.एस्सी.च्या पुढे तीन वर्षं शिकून त्या इंजिनियर झाल्या. म्हणजे त्यांच्याकडे इंजिनियरिंगचा जो काही कागद होता तो तेवढाच होता. बी.ई. नाही, दुसरं काही नाही.

आता नवा नियम असा आला होता की ज्याच्या कामाच्या परवान्यावर 'इंजिनियर' लिहिलंय त्याने स्वतःची नोंदणी करून घ्यायची. त्यासाठी पदवी जिथून घेतली त्या कॉलेजकडून ती खरी असल्याचं कळवलं जायला हवं. नियमात वाईट काही नव्हतं. खोट्या पदव्या घेऊन आलेली माणसं आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. ताई स्वतःच म्हणाल्या होत्या, "बरं झालं, एकदा चाळण लागू दे." चाळणीत आपणच अडकू असं कुणाला वाटतं?

कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, तो झैन. सलालाहचाच, पन्नाशीचा, शांत गृहस्थ. भारतीयांबरोबर हिंदी बोलतो. ताईंचं प्रमाणपत्र घेऊन तो गेला आणि दोन दिवसांनी परत आला.

"मॅडम, वो बोलता है, ये डिप्लोमा है. डिप्लोमावाला टेक्निशियन में जाता है."

"झैनभाई, फ्रेंच में डिग्री को ही डिप्लोम बोलते है. पूरा फ्रान्स में. डॉक्टर को भी डिप्लोम ही मिलता है."

"मुझे मालूम है मॅडम, आप बोला तो सच है. लेकिन कागज पे लिखा है डिप्लोमा."

ताईंनी प्रमाणपत्राचं नव्याने भाषांतर करून घेतलं, त्यावर शिक्के घेतले, फ्रान्समध्ये ही पदवी मास्टर्सच्या बरोबरीची धरतात असं सांगणारा तिथल्या सरकारचा कागद जोडला. तेवढ्याने तो मुद्दा निकालात निघाला. मग नोंदणीच्या ऑनलाइन अर्जातल्या यादीत कॉलेजचं नाव नसल्याचा मुद्दा पुढे आला. "इतर" असा पर्याय निवडला तर अर्ज पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे जायचा. तो गेला. सहा आठवड्यांनी अहवाल आला. तो ताईंनी मला वाचायला दिला तेव्हा मला आधी हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते तिथेच थांबलं.

अहवालात लिहिलं होतं की प्रमाणपत्रावरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. दिलेल्या क्रमांकावर फोन केला असता तो एका हॉटेलात लागला. सबब, ही संस्था अस्तित्वात असल्याचं आढळलं नाही.

ताईंनी तिथल्या तिथे तोच नंबर फिरवला. पलीकडून कुणी मुलगी बोलली. ताईंचं फ्रेंच सुरुवातीला अडखळलं, मग सुरळीत झालं. पाचेक मिनिटं त्या नुसतं "हो... हो..." करत राहिल्या. मग फोन टेबलावर उलटा ठेवला.

"काय म्हणाली?"

"हॉटेलच आहे. समुद्राच्या पाण्याने अंघोळी घालतात, त्वचेला चांगलं म्हणे. मी विचारलं, तिथे मोठा हॉल होता, लाटांची टाकी होती, तिचं काय झालं? तीस मीटर लांब टाकी गं. मशीनने लाट सोडायची आणि आपण बांधलेली छोटी भिंत टिकते का बघायचं. माझा सगळा प्रकल्प त्या टाकीत झाला. ती म्हणाली, हो हो, तो आमचा स्विमिंग पूल, गरम पाण्याचा, आपण कधी येणार?"

तेव्हा कळलं की कॉलेज मेलं नव्हतं, पण जिवंतही नव्हतं. आधी ते दुसऱ्या एका कॉलेजात विलीन झालं, ते जोडकॉलेज एका मोठ्या समूहात गेलं आणि २०२१ला समूहाची एक नवीन संस्था झाली, चार इंग्रजी अक्षरांच्या नावाची, दोन तासांवरच्या शहरात. ताईंनी त्या संस्थेला लिहिलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, अतिशय सभ्य. आमची स्थापना १ जानेवारी २०२१ रोजी झाली असून त्यापूर्वीच्या पदव्यांविषयी आम्ही काही प्रमाणित करू शकत नाही. समूहाच्या कार्यालयाने लिहिलं, हा संस्थेचा विषय आहे. मंत्रालयाने लिहिलं, जुनी कागदपत्रं अभिलेखागारात जमा आहेत. अभिलेखागाराने लिहिलं, खोकी आली आहेत, १९९० ते २००४ची यादी अजून व्हायची आहे, अंदाजे दोन वर्षं लागतील.

"बघ," ताई म्हणाल्या, "सगळे किती छान भाषेत नाही म्हणतात."

जूनमध्ये त्यांचा परवाना संपत होता. नोंदणीशिवाय 'इंजिनियर' म्हणून नूतनीकरण होत नव्हतं. कंपनीच्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं की तुम्हाला सोडायची आमची अजिबात इच्छा नाही, पगारही तोच राहील, फक्त कागदावर काही महिने 'टेक्निशियन' दाखवू. ताईंनी होकार दिला. नकार देऊन जाणार कुठे? चंद्रशेखरभाऊजी पिठाच्या मिलमध्ये लॅब सांभाळतात, मुलगी पूर्वा अकरावीत होती. शाळा मध्येच सोडवून मुलीला देशात न्यायचं हे काही झेपणारं नव्हतं.

कागदावरचा बदल कागदावर राहत नाही. बंदराच्या आत जायच्या पासवर टेक्निशियन आलं. इंजिनियरांचं हेल्मेट पांढरं, टेक्निशियनांचं निळं. साइटच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ओशाळत निळं हेल्मेट पुढे केलं. वीस वर्षं तो त्यांना सलाम करत आला होता. ताईंनी ते घातलं. आणि सर्वांत जास्त लागलं ते हे की त्यांची सही चालेनाशी झाली. आकडेमोड त्यांची, नकाशे त्यांचे, सही शिवांगीची.

शिवांगी पुण्याची, तेहतीस वर्षांची, हुशार. सात वर्षं ताईंच्या हाताखाली तयार झाली होती. तिची नोंदणी एका आठवड्यात झाली होती, कारण तिचं कॉलेज यादीत होतं. पहिल्यांदा सही करायची वेळ आली तेव्हा ती ताईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मला फार कसंतरी होतंय."

"तुला होऊन काय उपयोग? तू वाचलंस का सगळं?"

"तुम्ही केलंय म्हटल्यावर..."

"म्हणजे वाचलं नाहीस." ताईंनी कागद तिच्या हातातून काढून घेतले. "शिवांगी, सही तुझी. भिंत फुटली तर चौकशीत तुला बोलावतील, मला नाही. मी आता टेक्निशियन आहे. बस खाली. पहिल्या पानापासून."

त्या दिवशी त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं. शिवांगीने मला नंतर सांगितलं की मॅडम रागावल्या होत्या, पण माझ्यावर नाही, आणि ते जास्त अवघड होतं.

ऑगस्टमध्ये ताई रजा काढून मस्कतला गेल्या. तिथे कुरुम भागातल्या एका कार्यालयात हे काम बघतात. खिडकीवरच्या अधिकारी बाईंचं नाव मुनिबा. तिने सगळी फाइल शांतपणे पाहिली.

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर जे कॉलेज आहे त्याचा आणि आज जी संस्था आहे तिचा संबंध काय, ते कुठेच दिसत नाही. कुठल्या वर्षी कुठलं नाव होतं, कुठल्या हुकमाने बदललं, पुढे कुणात गेलं, हे सगळं एका ओळीत लावून आणा. मग मी पुढे पाठवते."

ताई परत आल्या त्या थोड्या सावरूनच. करण्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं. "इंग्लिशमध्ये लिहायचं आहे," त्या मला म्हणाल्या. "माझं इंग्लिश बांधकामाचं. तू शाळेत शिकवतेस, तू टाइप कर." पुढचे सात शुक्रवार आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून एका फ्रेंच कॉलेजचा इतिहास लिहिला. मला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही.

सरकारी हुकूम इंटरनेटवर सापडत होते, पण मधले दुवे तुटत होते. मग माजी विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी नाव सुचवलं, मादाम केरव्हेला. ताई शिकत होत्या तेव्हा या बाई कॉलेजच्या कचेरीत रजिस्ट्रार होत्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, प्लुव्हेनेकमध्येच एकट्या राहणाऱ्या. ताईंनी फोन लावला. नाव सांगताच बाई म्हणाल्या, "दोनच स्वेटर आणलेली मुलगी ना तू? तिसरा मी दिला होता. राखाडी."

ताईंना एवढं मोकळं हसताना मी त्या वर्षात तेव्हाच पाहिलं.

मादाम सांगायच्या, ताई ऐकून मराठीत बोलायच्या, मी इंग्लिशमध्ये टाइप करायची. १८७६ला मोठं वादळ आलं आणि गावाची समुद्रातली भिंत फुटली. बंदरात आसऱ्याला आलेल्या होड्याच बुडाल्या. चौकशीत निघालं की ती भिंत ज्यांनी आखली त्यांनी हा समुद्र हिवाळ्यात कधी पाहिलाच नव्हता. ते राजधानीतून आले होते. गावातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की आपली माणसं आपणच तयार करू. कस्टमच्या गोदामात एकोणीस मुलांचा वर्ग सुरू झाला. सुरुवातीला मुकादम तयार व्हायचे, इंजिनियर नाही. पहिल्या महायुद्धानंतर अभ्यासक्रम वाढला. १९३४ला फ्रान्समध्ये कायदा झाला की कुणीही उठून स्वतःला पदवीधर इंजिनियर म्हणवायचं नाही. कॉलेजची तपासणी होऊन मान्यता मिळायला हवी.

"बघ," ताई मध्येच म्हणाल्या, "नव्वद वर्षांपूर्वी हीच भानगड तिकडे झाली होती."

प्लुव्हेनेकला ती मान्यता दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या खेपेला तपासनिसांनी लिहिलं होतं की कॉलेज फारच लहान आहे. १९४४ला बॉम्ब पडले, इमारत गेली. दोन वर्षं वर्ग सार्डिन माशांच्या कारखान्यात भरत होते. मुलांच्या कपड्यांना असा वास यायचा की गावातल्या मुली त्यांच्याबरोबर नाचायला नकार द्यायच्या. हे मादामना त्यांच्या आईने सांगितलेलं. मग टेकडीवर नवी इमारत, लाटांची टाकी, १९६९ला पहिल्या दोन मुली, त्यानंतर ट्युनिशिया, सेनेगल, व्हिएतनामचे विद्यार्थी. "आणि १९९५ला भारतातून एक," मादाम म्हणाल्या. "कँटीनमध्ये काय खायला घालायचं यावर आमची बैठक झाली होती."

२००४च्या विलीनीकरणाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. वर्षाला साठ मुलं. जगातल्या कॉलेजांच्या क्रमवारीत एवढ्या लहान कॉलेजाला कुणी विचारत नाही, मोठं व्हा नाहीतर बंद पडा, असं वरून आलं. मोठं होण्यासाठी आधी नाव गेलं, मग पत्ता. "मला शिक्का जमा करायला सांगितलं," मादाम म्हणाल्या. "मी पोचपावती मागितली. ती मला अजून मिळालेली नाही."

मला हे सगळं ऐकायला आवडायचं. शुक्रवारची मी वाट बघायची. ताई मात्र दर वेळी शेवटी चिडायच्या.

"तुला गोष्ट मिळते मैथिली. मला काय मिळतं? मासे, वादळं, नाचणाऱ्या मुली. मला एक शिक्का हवाय गं. एवढासा. त्याच्यासाठी मी दीडशे वर्षं उकरतेय."

"पण किती छान झालंय सगळं..."

"छान कुणाला हवंय!"

पूर्वा अकरावीत होती, पण आतापासूनच कॉलेजांची माहिती काढत होती. ती आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "आई, मी फ्रान्स पण अप्लाय करू का? यू नो, लेगसी टाइप..." ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती वाक्य अर्धवट टाकून आत गेली. नंतर मी त्यांना म्हटलं, पोरीवर कशाला? त्या म्हणाल्या, "मला माहितीये. मी हल्ली सगळ्यांवरच ओरडते. तुझ्यावरही ओरडेन, फक्त तू टाइप करतेस म्हणून वाचलीस."

अकरा पानं झाली. प्रत्येक नाव, प्रत्येक वर्ष, प्रत्येक हुकमाचा क्रमांक. ऑक्टोबरात ताई ती घेऊन पुन्हा कुरुमला गेल्या. खिडकीवर मुनिबा नव्हती. तिची बदली झाली होती. तिच्या जागी आलेल्या गृहस्थाने पानं उलटली, दोन ठिकाणी थांबून वाचलंही, आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"अर्जदाराने स्वतःच्याच कॉलेजबद्दल लिहिलेलं कसं चालेल? संस्थेच्या लेटरहेडवर आणा."

"संस्था देत नाही, म्हणून तर तुमच्या कार्यालयाने मला लिहायला सांगितलं."

"कुणी सांगितलं? लेखी आहे?"

लेखी नव्हतं. ताईंनी फाइल उचलली. विमानाला अजून पाच तास होते. त्या मत्रहला समुद्राकाठी जाऊन बसल्या आणि तिथून मला फोन केला. रडल्या नाहीत. एकाच सुरात पाच मिनिटं मालवणी शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या मला कळल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. येताना काय आणू? इथे सूकच्या बाजारात हलवा चांगला मिळतो."

त्यांनी अकरा पानं परत फ्रेंचमध्ये केली, दोन आठवडे बसून, आणि मादाम केरव्हेलांना पोस्टाने पाठवली. त्यानंतर जे झालं ते मादामनी केलं. त्या बाई चौऱ्याऐंशीव्या वर्षी बसने दोन तास प्रवास करून शहरातल्या त्या चार अक्षरी संस्थेत गेल्या आणि संचालकांच्या खोलीबाहेर बसल्या. पहिल्या वेळी संचालक बाहेरगावी होते. दुसऱ्या वेळी बैठकीत होते. तिसऱ्या वेळी मादाम डबा घेऊन गेल्या. दुपारी संचालकांनी आत बोलावलं.

मार्चमध्ये पत्र आलं. लेटरहेड, सही, शिक्का. प्लुव्हेनेकचं कॉलेज हे आमचंच पूर्वरूप असून त्याने दिलेल्या सर्व पदव्या आमच्याच मानाव्यात, सोबत संस्थेचा इतिहास जोडला आहे. तो इतिहास ताईंचा होता. शब्दाला शब्द. लिहिणारीचं नाव कुठे नव्हतं. आठवड्याभरात तोच मजकूर संस्थेच्या वेबसाइटवर आला, वर ठळक अक्षरांत: स्थापना १८७६.

"मला लिहिताना २०२१ होती," ताई म्हणाल्या.

"पण काम झालं ना?" मी म्हटलं.

तेव्हा आम्हाला दोघींनाही तसंच वाटलं होतं. झैनने कागद नेले. मेमध्ये नोंदणी झाल्याचा मेसेज आला. भाऊजींनी नारळाच्या करंज्या केल्या; त्यांना त्या ताईंपेक्षा चांगल्या जमतात. मी वर गेले तेव्हा करंज्या टेबलावर तशाच होत्या आणि ताई फोनवर नोंदणीचं कार्ड बोटांनी मोठं करून बघत होत्या. इंजिनियर, असं होतं. त्याखाली श्रेणी: सुरुवातीची. अनुभव: शून्य वर्षे.

खालच्या टिपेत कारण दिलं होतं. अर्जदार सध्या 'टेक्निशियन' पदावर असल्याने इंजिनियर म्हणून अनुभव सिद्ध होत नाही.

"टेक्निशियन का आहे?" ताई भाऊजींना विचारत होत्या, जणू तो नियम त्यांनीच केला होता. "नोंदणी नव्हती म्हणून. नोंदणी का नव्हती? कॉलेज सापडत नव्हतं म्हणून. आता सापडलं, तर मी आजच पास झाले! बावन्नाव्या वर्षी फ्रेशर!"

भाऊजी हळूच म्हणाले, "जया, नाव तर मिळालं परत. सही चालेल लहान कामांवर. तीन-चार वर्षांत आपण जाणारच आहोत. सोड ना आता."

त्यांनी हे प्रेमानेच म्हटलं होतं. पण ताई उठून उभ्या राहिल्या. "लहान कामांवर? चंदू, मेकुनूनंतरची अख्खी भिंत माझ्या कागदांवर उभी आहे. आणि मी आता कुंपणाच्या भिंतीवर सही करू? तू तुझ्या मिलमध्ये जाऊन उद्यापासून पोती मोजशील?"

मी एक करंजी हातात घेतली होती, ती खावी की ठेवावी ते मला कळेना.

त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला. अनुभवाचे पुरावे जोडायचे होते. इथल्या कंपनीने पत्र दिलं. शिवांगीने न सांगता स्वतःहून एक निवेदन लिहून दिलं की गेल्या वर्षभरात मी सही केलेली सर्व आकडेमोड जयवंती सामंत यांची आहे. कंपनीच्या साहेबांनी ते जोडू नका म्हणून सांगितलं, कारण मग शिवांगीवरच प्रश्न येईल. ताईंनी ते निवेदन फाडलं आणि शिवांगीला झापलं. "स्वतःचं डोकं माझ्यासाठी कापून देतेस? त्यापेक्षा आकडेमोड स्वतः करायला लाग." शिवांगीला ते लागलं. दोघी आठवडाभर कामापुरतंच बोलत होत्या.

आणि मग पत्रं यायला लागली. वेबसाइटवरचा तो इतिहास आणि पत्राचा नमुना माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरला होता, आणि मादामनी तिथे सांगून टाकलं होतं की हे ओमानमधल्या जयवंतीचं काम आहे. प्लुव्हेनेकचे किती लोक किती देशांत असेच अडकले होते ते तेव्हा समजलं. कतारमधल्या एका ट्युनिशियन इंजिनियरने कळवलं, तुमच्या पानांमुळे माझी नोंदणी तीन आठवड्यांत झाली, वरिष्ठ श्रेणीत, ईश्वर तुमचं भलं करो. डाकारहून एका बाईने लिहिलं. व्हिएतनामच्या एकाने विचारलं की आमच्या कार्यालयाला १९३४च्या मान्यतेची प्रत हवी आहे, ती कुठे मिळेल?

ताईंनी सगळ्यांना उत्तरं दिली. त्या व्हिएतनामच्या माणसासाठी तर अर्धा शुक्रवार खर्चून प्रत शोधली, पान क्रमांकासह पाठवली. पाठवून झाल्यावर लॅपटॉप धाडकन मिटला.

"सगळ्यांची होतायत कामं," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. मी वाईट म्हणत नाही. पण मैथिली, मला आता कुणाचं आभाराचं पत्र वाचवत नाही. प्रत्येक पत्र उघडताना वाटतं, कुरुमचं असेल."

कुरुमचं पत्र जुलैच्या शेवटी आलं. बाहेर खरीफची, म्हणजे इथल्या पावसाळ्याची, भुरभुर लागली होती आणि आखातातले लोक गाड्या भरभरून सलालाहचे हिरवे डोंगर बघायला आले होते. पत्रात निर्णय नव्हता. समितीसमोर प्रत्यक्ष हजर राहावं, असं होतं. रविवारी. सगळी मूळ कागदपत्रं घेऊन.

रविवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा त्या खाली उभ्या होत्या, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात नकाशांची नळी. मेकुनूनंतरच्या मूळ नोंदी त्या नळीत होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या. विमानतळावर सोडायला झैनची गाडी आली. तो उतरून दार उघडत म्हणाला, "मॅडम, टेन्शन नहीं. आज काम हो जाएगा, इन्शाल्ला."

"झैनभाई," ताई गाडीत बसत म्हणाल्या, "इन्शाल्ला वो लोग बोलेगा. आप मुझे बोलो, समिती में कितना आदमी है, और उस में इंजिनियर कितना है."

झैनला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, रस्त्यात फोन करून विचारतो.